भूक, भीती आणि हौस

समीक्षकाच्या हातात हत्यार एकच, आणि तेही फार जुने: ‘का?’ नायक भरल्या घरातून उठून का गेला? नायिकेने चार वर्षे जपलेली पत्रे एका रात्रीत का जाळली? कथेत याचे उत्तर सापडले नाही, की आम्ही समीक्षक मंडळी खुशाल लिहून मोकळी होतो, ‘पात्राच्या वर्तनामागची प्रेरणा लेखकाला नीट उभी करता आलेली नाही.’ हे वाक्य आजवर इतक्या परीक्षणांतून माझ्या डोळ्यांखालून गेले आहे, की ज्या शब्दावर त्याचा सारा भार आहे तो ‘प्रेरणा’ हा शब्द एकदा हातात घेऊन पाहावा, असे बरेच दिवस मनात होते. माणूस किंवा जनावर जे करते ते कशापायी करते, हे शोधणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या मानसशास्त्रज्ञांनी याबद्दल काय लिहून ठेवले आहे?

या वर्षी ते वाङ्मय सलग वाचले. शास्त्र म्हणून त्याची पारख करणे माझे काम नव्हे. मी ते वाचले कादंबरी वाचावी तसे. आणि तसे वाचण्यात फारसे गैर नाही. प्रत्येक उपपत्तीत एक नायक असतो, त्याला काहीतरी हवे असते, आणि त्याला दुसरे काही हवे असणे शक्यच नव्हते, हे उपपत्तीचा कर्ता आपल्याला पटवीत असतो. कादंबरीकाराला हे साधले तर आपण त्याची पाठ थोपटतो. शास्त्रज्ञाला साधले तर त्याचे म्हणणे आपल्या घरात शिरते. मुलांच्या प्रगतिपुस्तकापर्यंत आणि कारखान्यातल्या बोनसापर्यंत जाऊन पोचते. तेव्हा ही कादंबरी जरा कडक नजरेनेच वाचलेली बरी.

आरंभ विल्यम मॅक्डूगलपासून करतो. १९०८ साली त्याने सामाजिक मानसशास्त्राचे जे पुस्तक लिहिले, त्यात माणसाच्या वागण्याच्या मुळाशी काही सहजप्रवृत्ती असतात असे सांगून प्रत्येक प्रवृत्तीला तिची भावना जोडून दिली. पळण्याच्या प्रवृत्तीला भीती, झुंजण्याच्या प्रवृत्तीला राग, अपत्यपालनाच्या प्रवृत्तीला वात्सल्य, कुतूहलाला विस्मय. ज्याने स्थायिभावांची यादी पाठ केली आहे त्याला हा गृहस्थ परका वाटत नाही. आपल्याकडे के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्शा’त रसव्यवस्थेची फेरतपासणी केली तीही आधुनिक मानसशास्त्राला साक्षीला बोलावूनच. पण याद्यांचे एक दुखणे असते. त्या वाढत जातात. मॅक्डूगलच्या मागून येणाऱ्यांनी इतक्या प्रवृत्ती शोधून काढल्या की १९२४ साली बर्नार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हिशेब मांडला तेव्हा आकडा हजारोंत गेला. शिवाय त्यातून कळते काय? मुलगा भांडतो का? त्याची प्रवृत्ती भांडखोर आहे. ती भांडखोर आहे हे कशावरून? तो भांडतो यावरून. अफूने झोप येते, कारण तिच्या अंगी झोप आणण्याचा गुण आहे, असे ऐटीत सांगणारा मोलियेरचा वैद्य यापेक्षा वेगळे काय सांगत होता?

दुसऱ्या पिढीने यादी फाडली आणि यंत्र आणले. या पिढीचा खरा महाकवी म्हणजे येल विद्यापीठातला क्लार्क हल. तरुणपणी पोलिओने त्याचा पाय अधू झाला होता. यंत्रांचा त्याला विलक्षण नाद. शिकू शकणारी यंत्रे त्याने स्वतः जुळवून पाहिली होती. १९४३ साली त्याचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ बिहेविअर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भूमितीच्या पुस्तकासारखी गृहीतके, सिद्धांत आणि सूत्रे यांनी तो खच्चून भरलेला आहे. त्यातली कथा मात्र दोन ओळींची आहे. शरीरात उणीव उत्पन्न होते, अन्नाची किंवा पाण्याची. उणिवेमुळे ताण येतो, ताणामुळे प्राणी हालचाल करू लागतो. हालचालीच्या ओघात घास तोंडी लागला की ताण उतरतो, आणि ज्या हालचालीने तो उतरला ती अंगवळणी पडते. वर्तन म्हणजे सवय गुणिले प्रेरक, असे हलचे सूत्र आहे. इथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे. प्रेरक शून्य झाला की सवय कितीही दांडगी असो, गुणाकार शून्य. म्हणजे ज्याचे पोट भरले आहे, ज्याला तहान नाही, ज्याला कुठे दुखत नाही, असा उंदीर जागचा हलायलाच नको.

उंदीर म्हणण्याचे कारण असे की या कादंबरीचा नायक पांढरा उंदीर आहे. मला उंदराविषयी आकस नाही. गणपतीच्या पायाशी त्याला जागा देणाऱ्यांपैकीच आपण. पण या नायकाला रंगमंचावर आणण्यापूर्वी पडद्यामागे काय करतात ते पाहा. त्याला उपाशी ठेवतात. वजन भरल्या पोटीच्या वजनाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर आणून ठेवायचे, ही पद्धत पुढे या प्रयोगांत रूढच झाली. मग त्याला चक्रव्यूहात सोडायचे, दुसऱ्या टोकाला खाण्याची गोळी ठेवायची, आणि तो धावला की वहीत नोंद करायची, की प्राणी भुकेपायी धावतो. दुष्काळात एखाद्या गावातून फिरून यावे आणि माणसाला भाकरीखेरीज कशातही गोडी नसते असा निबंध लिहावा, त्यातलाच हा प्रकार. निबंधातले एकही वाक्य खोटे नसते. पण दुष्काळ निबंधकारानेच पाडलेला असतो.

आणि गंमत अशी, की उलट पुरावा या लोकांच्या वह्यांतूनच डोकावत होता. कोलंबिया विद्यापीठात वॉर्डन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पेटी केली होती. मध्ये विजेचा झटका देणारी जाळी, एका बाजूला उंदीर, पलीकडे त्याला हवी असलेली वस्तू. वीस मिनिटांत तो कितीदा झटका सोसून जातो ते मोजायचे, म्हणजे प्रेरणेचे माप झाले! १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनात पहिला क्रमांक लागला तो पिलांकडे जाणाऱ्या आईचा. तहान आणि भूक तिच्या मागे राहिली. हे आयांना सांगायला प्रयोगशाळा नको. मला त्याहून नवल वाटले ते त्याच ठिकाणी काम करणाऱ्या हेन्री निसेनच्या १९३० सालच्या प्रयोगाचे. त्याने जाळीपलीकडे ना अन्न ठेवले, ना पाणी, ना मादी. नुसत्या वेड्यावाकड्या वाटा आणि काही अनोळखी वस्तू. तरीही उंदीर झटके खात तिकडे गेले. कशाला? काय आहे ते पाहायला!

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एडवर्ड टोलमन आणि होन्झिक यांनी काही उंदरांना दहा दिवस चक्रव्यूहात बिनइनामी भटकू दिले. अकराव्या दिवशी शेवटी खाऊ ठेवला. दुसऱ्याच दिवशी हे उंदीर पहिल्यापासून खाऊ मिळणाऱ्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे भटकण्याच्या त्या दहा दिवसांत त्यांनी सारी वाट पाहून ठेवली होती. तिचा उपयोग पडला नव्हता इतकेच. टोलमन मोठा रसिक माणूस असावा. १९३२ सालचा आपला ग्रंथ त्याने पांढऱ्या उंदरालाच अर्पण केला आहे. साऱ्या प्रकरणात नायकाचे आभार मानण्याची बुद्धी झालेला हा एकच लेखक मला भेटला.

पण उंदराचे कोण ऐकतो? हलच्या कथेला खरा धक्का दिला तो माकडांनी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो ऱ्हीसस माकडांवर काम करीत असे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पुनःपुन्हा वाचला. आठ माकडे. चौघांच्या पिंजऱ्यात एक लाकडी फळी, तिच्यावर खिट्टी, आकडा आणि पट्टी अशी कडी-कोयंड्याची जोडणी. आधी खिट्टी काढायची, मग आकडा सोडवायचा, मग पट्टी उचलायची. क्रम चुकला की उघडत नाही. उघडल्यावर मिळते काय? काही नाही. आत बेदाणा नाही, बाहेर शाबासकी नाही. माकडांची पोटे भरलेली. हलच्या सूत्राप्रमाणे त्यांनी त्या फळीकडे ढुंकूनही पाहायला नको होते. त्यांनी ती उघडली. पुन्हा लावून ठेवली की पुन्हा उघडली. बारा दिवसांत ती या कामात चांगली तरबेज झाली.

इथपर्यंतही हलच्या पक्षाला काही सबब सांगता आली असती. पुढची नोंद मात्र कुठल्याही सबबीत बसत नाही. आता जोडणीत खाऊ ठेवला. व्यवहाराच्या हिशेबाने काम अधिक चोख व्हायला हवे होते. झाले उलटेच. जी माकडे शांतपणे क्रमाने खिट्टी, आकडा, पट्टी सोडवीत होती ती आता खाऊच्या ओढीने भलतीकडेच ओढाताण करू लागली आणि चुकू लागली. खाऊ आला आणि खेळ बिघडला.

हार्लोचाच सहकारी रॉबर्ट बटलर याने १९५३ साली माकडाला बंद पेटीत बसवून एक लहानशी खिडकी ठेवली. दोन रंगांतला नेमका रंग ओळखून ढकलला तर खिडकी अर्धा मिनिट उघडे आणि बाहेरचे दिसे. तेवढ्यासाठी माकडे तासन् तास रंग ओळखीत बसली. बाहेर दुसरे माकड असले तर फारच आवडीने. खेळातली आगगाडी धावत असली तरी आवडीने. चाळीतल्या गॅलरीत लहानपण गेलेल्या माणसाला हा प्रयोग समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या गोष्टीला नाव काय द्यायचे? हार्लोने तिला हाताळण्याचा प्रेरक म्हटले, बटलरने बघण्याचा. इथे माझ्यातला समीक्षक जागा होतो. ज्या यादीला कंटाळून यंत्र आणले, तीच यादी मागच्या दाराने आत आली. माकड कडी का सोडवते? त्याला कडी सोडवण्याची प्रेरणा आहे! मॅक्डूगल त्या वेळी हयात असता तर गालातल्या गालात हसला असता. ही कोंडी पहिल्यांदा नीट ओळखली ती १९५९ साली रॉबर्ट व्हाइट याने. रांगते मूल डबा आपटते, चमचा खाली टाकते, पुन्हा उचलायला लावते, पुन्हा टाकते. त्याला कसली उणीव आहे म्हणून तो हे करीत नाही. ‘माझ्या हातून काहीतरी घडते’ याचाच त्याला आनंद असतो, असे व्हाइटचे म्हणणे. इतके साधे वाक्य म्हणायला या शास्त्राला पन्नास वर्षे लागली.

आपल्या भाषेने मात्र हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. मराठीत भूक लागते, तहान लागते, भीती वाटते, हौस असते. भूक बाहेरून येऊन लागावी तशी लागते आणि खाल्ले की जाते. भीतीचे कारण गेले की भीती जाते. पण तिला गाण्याची हौस आहे, असे आपण म्हणतो तेव्हा ती आत्ता गात आहे की झोपली आहे याचा प्रश्नच नसतो. आणि गाऊन झाले म्हणजे ती हौस संपली असेही होत नाही. उलट वाढलेली दिसते. हलच्या गुणाकारात न बसणारी वस्तू ती हीच. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो ते बहुधा खर्चाच्या संदर्भात, घरातला कर्ता पुरुष कपाळाला हात लावून बसला असताना; पण त्यातला दुसरा अर्थही खराच आहे. हौसेला मोल लावले की काय होते, ते त्या माकडांनी दाखवलेच होते.

जाता जाता आणखी एक. उणीव नसेल तर हालचाल नाही, हा आक्षेप काही येलमध्ये जन्मलेला नाही. ब्रह्मसूत्रांत तो ईश्वरावरच घेतलेला आहे. ज्याच्या सर्व इच्छा पुऱ्या झालेल्या आहेत त्याने जग निर्माण करण्याच्या खटाटोपात पडावे कशाला? सूत्रकारांनी दिलेले उत्तर एका शब्दाचे आहे: लीला. भाष्यात शंकराचार्यांनी दाखला दिला आहे तो सर्व काही लाभलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि माणसाच्या श्वासोच्छ्वासाचा. त्या उत्तराने जगाची उत्पत्ती कळते की नाही ते पंडितांनी ठरवावे. पण प्रश्न अचूक पकडला होता यात शंका नाही.

असो. उपपत्ती घरात शिरते असे मी वर म्हटले, त्याचा दाखला द्यायला हवा. वर्तनवादाचा आद्य प्रवर्तक जॉन वॉटसन याने १९२८ साली बालसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करा, असा त्यात उपदेश आहे. पुस्तक अर्पण केले आहे ते सुखी मूल वाढवून दाखवणाऱ्या पहिल्या आईला, जणू तोवर जगात तशी आई झालीच नव्हती! आईविषयीचे मुलाचे प्रेम म्हणजे दुधाशी जडलेली सवय, असेच त्या काळच्या बहुतेक शास्त्रज्ञांचे मत होते. भूक खरी आणि प्रेम तिचे व्याज.

हे व्याजाचे गणित हार्लोनेच मोडले. १९५८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघाचा अध्यक्ष म्हणून त्याने जे भाषण केले त्याचा विषयच प्रेम हा होता. नवजात माकडांना त्याने दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाने मढवलेली. काही पिलांना दूध तारेच्या आईकडूनच मिळे. तीही पिले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला जवळजवळ सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. काही भीतिदायक वस्तू दिसली की धाव कापडाच्या आईकडेच. दुधाने प्रेम विकत घेता आले नाही.

हा प्रयोग आज सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि वाचताना डोळे पाणावतात. पण समीक्षकाने इथेच थांबणे बरे नव्हे. ती पिले खऱ्या आईपासून जन्मतःच तोडलेली होती. कापडाच्या आईजवळ वाढलेल्या माद्या पुढे स्वतः आया झाल्या तेव्हा त्यांतल्या कितीकांनी आपल्या पिलांना झिडकारले, चावे घेतले. त्यानंतर हार्लोने पिलांना महिनोन् महिने संपूर्ण एकांतात कोंडून ठेवण्याचे जे प्रयोग केले, त्यांतून बाहेर आलेली माकडे कोपऱ्यात स्वतःलाच मिठी मारून झुलत बसत. हलने भूक सिद्ध करण्यासाठी अन्न काढून घेतले. हार्लोने प्रेम सिद्ध करण्यासाठी प्रेम काढून घेतले. रीत तीच राहिली. ज्याने आपल्याला खेळणारी माकडे दाखवली त्यानेच ही माकडे घडवावी, याचा मेळ मला अजून लागलेला नाही. त्याचे निष्कर्ष मी मानतो. त्याच्या पुढच्या कामाविषयी माझ्या मनात आदर नाही.

याच हार्लोच्या हाताखाली १९३४ साली डॉक्टरेट मिळवलेला एक विद्यार्थी म्हणजे अब्राहम मास्लो. त्याच्या गरजांच्या उतरंडीचे चित्र न पाहिलेला माणूस आज कचेऱ्यांतून मिळणे कठीण. तळाशी अन्नपाणी, वर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि कळसाला आत्मविकास. गंमत म्हणजे १९४३ सालच्या मूळ लेखात हा त्रिकोण कुठेच नाही. तो नंतर इतरांनी काढला. आणि त्रिकोण काढला की विचार संपतो. खालचा मजला पुरा झाल्याखेरीज वरचा चढायचा नाही, असा जिन्याचा नियम होऊन बसतो. मास्लोने स्वतः अपवाद सांगितले होते. पोट रिकामे असूनही निर्मितीत गढून जाणाऱ्या माणसांचा उल्लेख त्याच लेखात आहे. आपल्याला तर दूर जायला नको. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांचे दिवाळे निघाले, मान गेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तळाचे सगळे मजले कोसळले असताना त्या माणसाने अभंग लिहिले. गरिबाला आधी भाकरी द्या, हे निर्विवाद. पण भाकरी मिळेपर्यंत त्याला गाणे नको असते, हे ठरवण्याचा अधिकार त्रिकोणाला कोणी दिला?

फ्रॉइडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर आपल्याकडे मुबलक लिहून झाले आहे. सारे वर्तन ताण उतरवण्यासाठी असते, हे त्याचेही आरंभीचे मत होते. १९२० सालच्या पुस्तकात त्याने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ वर्णिला आहे. दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकायचे, ‘गेले’ म्हणायचे, मग ओढून घेऊन ‘आले’ म्हणायचे. आई बाहेर जाते तेव्हा मूल हतबल असते. इथे जाणे-येणे त्याच्या हाती आहे, असे आजोबांचे सुंदर निरीक्षण आहे. पण पुढच्या प्रकरणांतून त्या पुस्तकाची गाडी मृत्यूच्या प्रेरणेवर जाऊन पोचते. निरीक्षण करणारा आजोबा मला पटला. उपपत्ती रचणारा डॉक्टर पटला नाही.

आता फराळाचे ताट बाजूला सारून जरा ऐकावे असा भाग. १९७१ साली एडवर्ड डेसी याने विद्यार्थ्यांना लाकडी ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. पहिल्या दिवशी कोणाला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्यांना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर. तिसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. मध्येच काही निमित्त काढून परीक्षक आठ मिनिटे बाहेर जाई आणि मुलांना हवे ते करू देई. जवळ मासिके पडलेली असत. ज्यांना कधीच पैसे मिळाले नव्हते ते कोड्यांशी खेळत राहिले. ज्यांनी डॉलर घेतले होते त्यांची गोडी कमी झालेली दिसली. दोन वर्षांनी, १९७३ साली, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत हेच चिमुरड्यांवर पाहिले. ज्या मुलांना रंगीत खडूंसारख्या जाड पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडे, त्यांतल्या काहींना आधी सांगून सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र दिले. काहींना ते अवचित दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो, ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढली होती ती मुले आता इतरांच्या निम्माच वेळ त्या पेनांशी घालवीत होती. अवचित मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते.

यावर पुढे मोठे रण माजले. १९९४ साली कॅमेरॉन आणि पीअर्स यांनी सर्व प्रयोग एकत्र करून सांगितले, की नुकसान फारसे नाही. १९९९ साली डेसीच्या पक्षाने १२८ प्रयोगांचा हिशेब मांडून सांगितले, की आहे. मला दोन्ही बाजू वाचून जे हाती लागले ते असे: मुळात कंटाळवाण्या कामाला बक्षीस लावल्याने काही हरपत नाही, कारण हरपण्यासारखे तिथे काही नसतेच. तोंडभर कौतुकानेही बिघडत नाही. बिघडते ते जिथे हौस आधीच होती आणि आपण तिच्यावर बोली लावली तिथे. माझ्या परिचयाच्या एका घरात सुट्टीत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे मुलाला दहा रुपये ठरवले होते. मुलगा हुशार; त्याने ग्रंथालयातली सर्वांत पातळ पुस्तके शोधून काढली. वडील म्हणाले, ‘बघा, वाचतोय की!’ वाचत होता खराच. सुट्टी संपली त्या दिवशी हातातले पुस्तक अर्धे राहिले होते ते अर्धेच राहिले, आणि शेवटी त्या गोष्टीत काय झाले हे त्याला विचारावेसे वाटले नाही.

मेंदूच्या अभ्यासकांनीही इथे एक गाठ सोडवली आहे. १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर यांना आढळले, की मेंदूच्या काही भागांत विजेची तार बसवली तर उंदीर स्वतःच खटका दाबून तिथे झटका घेत राहतो, तासाला शेकडो वेळा. सुखाचे केंद्र सापडले, असा गाजावाजा झाला. पुढे केंट बेरिज या संशोधकाने दाखवले, की ‘हवे असणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूत दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोपामिन नावाचे द्रव्य नाहीसे केलेले उंदीर समोरच्या अन्नाकडे जात नाहीत; पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले तर पूर्वीसारखेच मिटक्या मारतात. आवडते, पण हवेसे वाटत नाही. आणि व्यसनात याच्या उलट: हवे असते, आवडत मात्र नाही. शोकांतिकेच्या नायकांबद्दल लिहिताना हा भेद आम्हाला किती उपयोगी पडला असता! ‘त्याला सत्ता हवी होती’ असे लिहून आपण थांबतो. ती हाती आल्यावर त्याला आवडली का, हे विचारतच नाही.

आणि आमच्या क्षेत्राचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार. अलीकडच्या कितीतरी कथा-कादंबऱ्यांतून हलचा उंदीर वेष बदलून वावरतो. पात्राला बालपणी एक जखम द्यायची, आणि नंतरच्या तीनशे पानांत त्याने केलेले सर्व काही त्या जखमेची भरपाई म्हणून दाखवायचे. तो चित्र काढतो, कारण वडील रागावत. ती प्रेम करते, कारण आई लवकर गेली. समीक्षकही खूश, कारण प्रेरणा ‘नीट उभी’ राहिली. पण रंग हाताला लागतो तो बरा वाटतो म्हणून चित्र काढणारा माणूस या पानांतून हद्दपारच झाला आहे. आमचे जुने शास्त्रकार या बाबतीत अधिक मोकळे होते. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली. त्यांत यश आहे, पैसा आहे, अमंगळ टळावे ही इच्छाही आहे. म्हणजे भूक आणि भीती यांना त्याने नाकारले नाही. पण आस्वादाबरोबरच, त्याच क्षणी मिळणारा जो आनंद, त्याला त्याने साऱ्या प्रयोजनांच्या शिरोभागी बसवले. बक्षीस कामानंतर मिळते. हा आनंद नंतरचा नसतो.

या कादंबरीचा ताजा भाग वाचून मात्र मला नायकाबद्दल पुन्हा आशा वाटू लागली आहे. लंडनच्या एका प्रयोगशाळेत भुंग्यांच्या जातीच्या माश्यांसमोर लहानसे लाकडी चेंडू ठेवले होते. खाण्याची वाट वेगळी आणि मोकळी. चेंडूला हात लावण्याचे काही कारण नव्हते. तरी माश्या वाट सोडून चेंडूंकडे येत आणि ते लोळवीत बसत. एका माशीने हा उद्योग ११७ वेळा केल्याची नोंद आहे. हा प्रयोग २०२२ सालचा. त्याआधी २०१९ साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना चक्क लपंडाव शिकवला. खोलीत खोकी मांडलेली, राज्य कधी उंदरावर, कधी माणसावर. खाण्याचे आमिष नाही. सापडला किंवा सापडवला की थोड्या गुदगुल्या आणि दंगामस्ती, एवढेच. उंदीर काही दिवसांत खेळ शिकले. शोधायचे असले म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या बारीक आवाजात ते किलबिलत; लपायचे असले की अगदी गप्प. आरपार दिसणारे आणि न दिसणारे अशी दोन्ही खोकी असली तर लपण्यासाठी ते न दिसणारेच निवडीत. आणि पुष्कळदा असे होई, की माणसाने शोधून काढल्यावर गुदगुल्यांसाठी न थांबता उंदीर तिथून निसटे आणि पळत जाऊन दुसऱ्या खोक्यात लपून बसे.